उजव्या अंगाची जागा

बायकोला ट्रकमधून मसणवटीत नेलं म्हणून माझ्यावर बरंच बोलणं झालं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, म्हणाले. खांदा द्यायला माणसं दारात उभी असताना चिऱ्याच्या ट्रकातून कोणी बायकोला नेतं का, असं लेकानंही विचारलं. तेरावं झालं आणि तो मुंबईला निघाला, तेव्हा उंबऱ्यात थांबून म्हणाला, "बाबा, का ते एकदा सांगून तरी टाका." मला सांगायला जमत नाही. म्हणून लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलो, चौथीत मास्तरांशी भांडण झालं ते झालंच. अक्षर वाईट आहे. ज्याला वाचायचं नसेल त्यानं वाचू नये.

स्वातंत्र्य आलं, इथल्या नबाबाचं राज्य गेलं, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. आमचा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव फार पुढं आलं. म्हसळ्याच्या वरच्या अंगाला जंगल दाट होतं, साग, ऐन, किंजळ. ठेकेदार लिलावात जंगलाचा तुकडा घ्यायचा, फॉरेस्टवाले तोडलेल्या खोडांवर हातोड्यानं शिक्का मारायचे, मग ते ओंडके दिघीच्या बंदरावर न्यायचे. तिथून शिडाच्या मचव्यात चढून मुंबईच्या वखारीत. आधी हे काम बैलगाड्या करायच्या. मोठ्या ओंडक्याला बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या तरी दोन दिवस जायचे. मी मुंबईला एका गॅरेजात वर्षभर गाड्या धुऊन आणि शिव्या खाऊन ड्रायव्हिंग शिकून आलो होतो. आमच्या ठेकेदार शेठनं लढाईतून उरलेली एक मिलिटरीची गाडी आणली आणि तिच्यावर मला बसवलं.

गाडी अमेरिकेची होती. तिचं स्टेअरिंग डाव्या अंगाला. हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते आणि ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणून समोरचं त्याला दिसतं. मी बसायचो डावीकडं, गटाराच्या बाजूला. दिघीकडं उतरताना डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी. रस्ता मातीचा आणि एका गाडीपुरता. डोंगराला वळसा घालताना पलीकडून काय येतंय ते मला दिसायचं नाही. उजवं चाक काठापासून हातभर आहे की बोटभर, तेही कळायचं नाही. ते फक्त उजव्या जागेवर बसणाऱ्याला दिसायचं. त्यामुळं भरलेली गाडी खाली नेताना तिथं माणूस लागायचाच. परत येताना गाडी रिकामी आणि दरी माझ्या बाजूला, तेव्हा कोणी नसलं तरी चालायचं.

पहिली दोन वर्षं तिथं एक जुना गाडीवान बसला. त्याचे शब्द दोनच, "चल" आणि "थांब". चल म्हणाला की जायचं, थांब म्हणाला की थांबायचं. मला वाटायचं, हीच रीत. पुढं त्याला कावीळ झाली आणि तो घरी बसला. शेठनं त्याच्या जागी आपला मेहुणा पाठवला.

मेहुणा भला माणूस होता, पण देवभोळा. आमच्या घाटात एका अवघड वळणावर, दरीच्या काठाला देवाचं ठाणं आहे. एक झाड आणि त्याखाली दगड. जाणारा-येणारा तिथं हिरवी डहाळी टाकतो आणि हात जोडतो. तोही जोडायचा. पण तो नुसते जोडायचा नाही, डोळे मिटून, ओठ हलवत, सगळ्या घरादाराचं मागून घ्यायचा. आणि ते वळण असं, की तिथंच मला काही दिसत नसे.

एकदा ऐनाचे सात ओंडके भरून उतरत होतो. वळण आलं. मी विचारलं, "मोकळं?"

"हूं," तो म्हणाला.

मी वळवली. समोर सुकटीची बैलगाडी, बैलांची शिंगं आमच्या नाकाला लागतील इतकी जवळ. मी गाडी डोंगरात घातली. मडगार्ड चेपलं, वरचा ओंडका दोर तोडून दरीत गेला. बैल उधळले आणि बैलगाडी गटारात आडवी. रस्ताभर सुकट पसरली. गाडीवान उठला, अंग चाचपलं, हाड शाबूत आहे बघून मग तोंड सोडलं.

"डोळे मिटून मोटर हाकतोस का रे?"

मी मेहुण्याकडं बघितलं. त्याचे हात अजून जोडलेले होते. "देवानंच वाचवलं," तो म्हणाला.

"अरे, हूं कशाला म्हणालास मग?"

"मी देवाला म्हणत होतो."

शेठनं ऐकून घेतलं, पण मेहुणा त्याच्या बायकोचा भाऊ. मग चूक कोणाची व्हायची? माझी. "तू बघून चालवायला पाहिजे होतंस," म्हणाला. काय बघून? बॉनेट?

माझी बायको तेव्हा लाकडाच्या डेपोत कामाला होती. कातकरी बायकांबरोबर बसून ओंडक्यांची साल सोलायची. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिचं माहेर खाडीपलीकडं, आगरदांड्याच्या बाजूला. बाप तरीवर तांडेल, माणसं आणि गुरं होडीतून इकडून तिकडं न्यायचा. दुसऱ्या दिवशी गाडी भरून उभी आणि बाजूला बसायला कोणी नाही. मेहुण्यानं शेठचे पाय धरले होते, परत बसणार नाही म्हणून. शेठ कपाळाला हात लावून बसलेला. बायको कोयता खाली ठेवून आली.

"अवो, मी बसू का?"

"तू?"

"बापाच्या होडीत मी पुढंच बसायची. बाप मागं सुकाणूवर. मधी शीड आलं की त्याला पुढचं काय दिसायचं? कप्पाळ. मी सांगायची, खडक हाय, जाळं हाय, पानी कमी हाय."

कातकरणी हसायला लागल्या. मी शेठकडं बघितलं. त्याला पावसाळ्याच्या आधी दोनशे ओंडके बंदरावर टाकायचे होते, नाहीतर रस्ता बंद होऊन लाकूड चार महिने चिखलात. तो म्हणाला, "आजचा दिवस बसव. उद्या बघू."

ती चढली. साडी पायांत खोचली, एक हात दारावर, मान बाहेर. पहिल्या वळणावर म्हणाली, "दगड हाय, उजव्या चाकापुढं. दरी दोन हात. म्हातारी येतीय, डोक्यावर भारा."

"अगं, मग चल की थांब?"

"ते मला काय इचारता?"

"म्हणजे?"

"चल-थांब मी न्हाय सांगनार. दिसंल ते सांगीन. न्यायची का न्हाय ते तुमचं. बापानं शिकवलंय. पुढं बसनाऱ्यानं 'ने' म्हटलं की सुकाणूवाला झोपतो."

मला राग आला. तोवर दोन वर्षं मी काय करत होतो, ते माझ्या तोंडावर सांगितलं तिनं. खरंच झोपत होतो. दुसऱ्याच्या 'चल'वर टनावारी लाकूड दरीच्या काठानं नेत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो घाट उतरलो. म्हणजे रोज उतरायचो, पण त्या दिवशी तो मला कळला.

ती सगळं सांगायची. पळस फुललाय, वानर बसलंय, कोंबडी आडवी जातीय. मी वैतागून म्हणालो, "कोंबडी नको सांगूस गं बाई."

"कोंबडीमागं पोर असतं," ती म्हणाली.

पुढच्याच वाडीत होतं.

तो एक दिवस मग दुसऱ्या दिवसावर गेला, आणि महिना झाला. एकाही ओंडक्याला ओरखडा नाही. बंदरावरचे मचवेवाले आधी बघत राहायचे, मग त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिला ओळखलं. "तू त्या तरीवरच्याची मुलगी ना? पुढं बसून ओरडायची ती?" त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. दर्यावरच्या माणसाला कोण पुढं बसलाय याच्याशी देणंघेणं नसतं, खडक दिसला की नाही एवढंच.

नवल वाटलं ते आमच्या गावाला.

गावकी काय असते ते आताच्या पोरांना सांगावं लागेल. देवळाच्या सभामंडपात पाच-सहा पंच बसायचे आणि कोणी कसं वागायचं ते ठरवायचे. लग्न त्यांच्या हुकमानं, मयत त्यांच्या हुकमानं. ऐकलं नाही तर वाळीत. मला बोलावणं आलं. सकाळची वेळ, सगळा गाव जमलेला, बायका बाहेर पिंपळाच्या पाराशी.

मोठे पंच माझ्या चुलत्याच्या वयाचे. ते म्हणाले, "बायकोला मोटारीत पुढं बसवून मिरवतोस म्हणे."

"मिरवत न्हाय काका. रस्ता बघते ती."

"पुरुषाला बाई रस्ता दाखवनार?"

"गाडीचं सुकाणू डाव्या अंगाला हाय. मला उजवीकडचं दिसत न्हाय. तुम्ही बसता का? उद्यापास्नं या. पण डोळे मिटायचे न्हायत."

मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. मेहुण्याची गोष्ट गावभर झाली होती. पंचांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "परक्या गड्यांमध्ये, बंदरावर, खलाशांसमोर गावची सून मान बाहेर काढून बसते. गावाची अब्रू हाय का न्हाय? उद्यापास्नं ती उतरली पायजे. न्हायतर तुमच्या घराशी गावाचा संबंध तुटला. पानी न्हाय, इस्तू न्हाय. घरात मयत झालं तर खांदा द्यायला कुत्रं येनार न्हाय."

सभामंडपात बाईनं बोलायची रीत नव्हती. ती बोललीही नाही सभामंडपात. पाराशी उभी राहून, तिथूनच ओरडली. खाडीच्या वाऱ्यात बापाला ऐकू जाईल असं ओरडायची सवय तिला.

"खांदा कशाला? गाडी हाय की!"

बायका हसल्या. एकदोन बापेही हसले. पंच उठून गेले आणि आम्ही वाळीत पडलो.

त्या वाक्यावर मी पुढं फार दिवस विचार केला. तिनं ते बोलायला नको होतं का? माझी आई म्हणायची, नको होतं. आई आमच्यात राहायची, तिला विहिरीवर जाता येईना. ज्या बायकांबरोबर तिनं चाळीस वर्षं लावणी केली, त्या तिला बघून तोंड फिरवायच्या. ती सुनेला एवढंच म्हणाली, "तुझी जीभ तरीवरची हाय." सून मान खाली घालून पाणी आणायला वहाळावर गेली, रोज पाऊण मैल. पण सकाळी डेपोत यायची आणि उजव्या जागेवर बसायचीच.

पंचांनी शेठला निरोप पाठवला, बाई उतरली नाही तर गावचा मजूर तुझ्या जंगलात येणार नाही. शेठ मला म्हणाला, "बाबा रे, मला धंदा करायचाय. तिला उतरव. मेहुण्याला परत बसवतो, त्याला डोळे उघडे ठेवायची शपथ घालतो." मी गाडी सुरू करायचं लोखंडी हॅन्डल काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "मग मेहुण्यालाच चालवायला द्या." त्यानं दुसरा ड्रायव्हर शोधला. अलीबागेकडचा होता, दोन मुलखांचं पाणी प्यालेला. तो आला, गाडीत चढला, स्टेअरिंग बघितलं, खाली उतरला आणि तंबाखू मळत निघून गेला. चार दिवसांनी शेठनं स्वतः हॅन्डल माझ्या घरी आणून दिलं. बायकोला म्हणाला, "बाई, तू काय सांगायचं ते सांग." गावचे मजूर आले नाहीत. कातकऱ्यांनी दुप्पट काम केलं. त्यांना आमच्या गावकीचं काय? गावानं त्यांना कधी आत घेतलंच नव्हतं, मग बाहेर काय काढणार?

मग पंचांनी शेवटचा उपाय केला. तिच्या बापाला निरोप धाडला, मुलीला समज द्या. तो तरीवरचं काम सोडून आला. आगरदांड्याहून होडीनं दिघीला, तिथून आमच्या रिकाम्या गाडीत बसून वर. आला तसा पंचांकडं गेला नाही. डेपोत आला, ओंडके चढताना बघितले, आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. म्हणाला, "चला, बघू."

सबंध घाट म्हातारा बोलला नाही. ती सांगत होती, दगड हाय, दरी दीड हात, येष्टी येतीय खालनं, डायवर बिडी ओढतोय. मी डोंगराला गाडी लावली, येष्टी घासून गेली. देवाच्या वळणावर त्यानं हात जोडले, डोळे उघडे ठेवून. बंदरावर उतरल्यावर धोतर झटकलं. मला वाटलं, आता बोलणार.

"एक कोंबडी सांगायची राहिली," तो लेकीला म्हणाला आणि तरीकडं चालता झाला.

अशी पाच-सहा वर्षं गेली. लेक झाला. सातव्या महिन्यापर्यंत ती बसत होती, मग चार महिने तिची धाकटी बहीण येऊन बसली, तीही बापाच्या होडीतच शिकलेली. लेकाच्या बारशाला गावातून एकही बाई आली नाही. डेपोत ओंडक्याला पाळणा टांगला आणि कातकरणींनी नाव ठेवलं. लेक हे वाचेल तेव्हा त्याला कळू दे, त्याच्या कानात पहिलं नाव कोणी सांगितलं.

आता आईचं. हे लिहायचं नव्हतं, पण ते वगळलं तर बाकी सगळं खोटं पडेल.

आई माघात गेली. सकाळी चुलीपुढं बसली होती, तशीच कलंडली. मी दारात उभा राहिलो. शेजारची दारं उघडी होती, माणसं दिसत होती. कोणी बाहेर आलं नाही. चुलता आला नाही, तिचा सख्खा दीर. ज्यांच्या पोरांची नाळ तिनं कापली ते आले नाहीत. मी दोन तास उभा होतो. मोठ्या पंचांनी गावाला धरून ठेवलं होतं. त्यांना वाटलं असेल, आता तरी हा नारळ घेऊन येईल, देवळात ठेवून "चुकलो" म्हणेल. आणि मी गेलो असतो. खोटं कशाला बोलू. पायात वहाण घातली होती मी. आईला असं ठेवून कसला ताठा?

बायको आडवी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पाराशी उभी राहून जे ओरडली होती, ते आता असं दारात आलं होतं. मी तिला म्हणालो, "हो बाजूला. तुझ्या जिभेनं केलंय हे."

ती बाजूला झाली. मग हळू म्हणाली, "जावा तुम्ही. मी अडवत न्हाय. पन आत्यांनी मला परवाच सांगितलंय. म्हनाल्या, मी गेले तर माझ्यापायी त्यांच्या पाया पडू नका. त्या न्हाय पडल्या कधी."

आई असं म्हणाली असेल? सुनेशी ती धड बोलायचीही नाही. मी बायकोला तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. वहाण काढली. डेपोत जाऊन गाडी आणली. चार कातकरी गडी आले, त्यांनी आईला ओंडक्यांच्या जागी हिरव्या पाल्यावर ठेवलं. बायकांनी मसणवटीत जायचं नसतं. पण गाडी गावातून काढायची म्हणजे उजवीकडं माणूस पाहिजे. ती बसली. गाडी गावातल्या गल्लीतून निघाली, दोन्हीकडच्या पडव्यांत माणसं उभी. ती नेहमीसारखी सांगत होती, आवाज फुटत होता तरी सांगत होती. "डावी पडवी हातभर. उजवीकडं ओटा. पंच काका उभे हायत. म्हादू... न्हाय, कोन न्हाय. मोकळं." ते नाव तिनं चुकून घेतलं. आमच्या बैलाचं होतं, तो गल्लीत नेहमी आडवा उभा असायचा, वर्षापूर्वी मेला होता. दुःखात माणसाला काय काय दिसतं. मी सबंध गल्लीत एकदाही मान वर केली नाही. तिच्या शब्दांवर गाडी नेली.

महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. गाडीत ती सांगायची, मी चालवायचो. मग एक दिवस ती म्हणाली, "कोंबडी हाय." नसलेली कोंबडी. मी हसलो आणि मला रडू आलं, आणि ते संपलं.

पुढं शेठनं नवी गाडी घेतली, स्टेअरिंग उजवीकडं. जुनी भंगारात गेली. पहिल्या दिवशी बायको सवयीनं उजव्या दाराशी जाऊन उभी राहिली. ती आता माझी बाजू होती. ती डावीकडं बसली, एक खेप केली आणि उतरून म्हणाली, "इकडनं नुसतं गटार दिसतं. कसे बसत होता हो तुम्ही?" दुसऱ्या दिवसापासून आली नाही. गरज नव्हती. पण गावाला वाटलं, आम्ही नमलो. पंचांचा निरोप आला, बाई उतरली हे चांगलं झालं, आता नारळ ठेवा, विषय संपवू. ती निरोप्याला म्हणाली, "मी उतरले ती गाडी बदलली म्हनून. तुमच्यासाठी न्हाय. नारळ आम्ही वाटून खाऊ."

नारळ ठेवला नाही. पंच मेले, गावकी ढिली पडली, पोरं मुंबईला गेली, कोणाला काही आठवेना. हळूहळू लोक बोलायला लागले, हळदीकुंकवाला बोलवायला लागले. ती जायची. मी कोणाच्या दारात गेलो नाही. लोक म्हणायचे, म्हातारा खडूस आहे. आहे.

शेवटच्या दोन वर्षांत तिची नजर गेली. मोतीबिंदू काढला, तरी धुकंच. खिडकीशी खाटेवर बसायची आणि मी बाजूला. विचारायची, "काय हाय?" मी सांगायचो. मोटारसायकल हाय. शाळेची पोरं हायत. शेजारणीनं पापड घातलेत. सांगता सांगता मला कळलं, हे किती अवघड काम आहे. जे आहे तेवढंच सांगायचं, आपलं त्यात घालायचं नाही. डॉक्टरनं लेकाला बाहेर नेऊन काय सांगितलं ते तिनं मला विचारलं, तेव्हा ते काम मला जमलं नाही. मी म्हटलं, "मोकळं." ती हसली. तिला कळलं मी खोटं बोलतोय.

ती गेली त्या सकाळी गावातली पोरं आली. चांगली पोरं. बांबू आणले, मडकं आणलं, कोणी सांगायची वाट बघितली नाही. त्यांतला एक मोठ्या पंचांचा पणतू. त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, "आजोबा, आम्ही हाव. तुम्ही बसा." माझ्या आईच्या वेळी त्याचा बापसुद्धा रांगत असेल. पोराचा काय दोष? दोष नाही हे मला कळत होतं. तरी मी नाही म्हटलं. दोष नसला म्हणून काय, मला माझ्या बायकोचा शब्द पाळायचा होता. तिनं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, खांदा नको, गाडी हाय. त्या शब्दाची किंमत आईनं भरली होती. आता तो शब्द मी चार बांबूंवर मोडू?

चिऱ्यांची ने-आण करणारा एक ट्रक बोलावला. ड्रायव्हर म्हसळ्याचा, पंचविशीतला. लेक रडत होता, म्हणत होता, "बाबा, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, "म्हणू दे, त्यांना सवय आहे." मागं तिला हिरव्या पाल्यावर ठेवलं. मी पुढं चढून ड्रायव्हरच्या बाजूला बसलो, डावीकडं. गल्ली आता आणखी अरुंद झाली आहे, दोन्हीकडं सिमेंटच्या पायऱ्या. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या बाजूचं जरा बघा." मी मान बाहेर काढली.

"पायरी हाय. दीड हात. मोटारसायकल लावलेली हाय. बाई उभी हाय, कडेवर पोर."

"चलू का?"

"ते तू ठरव. मी दिसतंय ते सांगतो."

त्यानं माझ्याकडं विचित्र बघितलं, पण नीट नेली. पोरं ट्रकच्या मागून चालत आली. मी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

मसणवट ओढ्याच्या पलीकडं आहे, उतारावर. ट्रक अलीकडंच थांबतो. चढवताना लेक, ड्रायव्हर आणि दोन पाहुणे पुरले होते, पण खाली उतरवून दगडांतून ओढा ओलांडायचा तर पाहुणे माझ्याच वयाचे. लेक माझ्याकडं बघत होता. मागं ती पोरं उभी, हात मोकळे सोडून. कोणी पुढं येईना. मी मागं चढून वर ट्रकमध्ये उभा होतो, तिच्या पायाशी. वरून सगळं दिसत होतं. पाणी कमी होतं, शेवाळ होतं, मध्ये एक सैल दगड.

चल म्हणालो नाही. थांब म्हणालो नाही.

"पानी घोट्याएवढं हाय," मी म्हटलं. "उजव्या अंगाला एक दगड हलतोय. त्याच्यावर पाय नका देऊ."

पंचांच्या पणतूनं चपला काढल्या.